कण्याच्या पायथ्याशी

हत्तीच्या मूत्राशयात १८ लिटर पाणी मावतं, मांजराच्या मूत्राशयात जेमतेम चमचाभर. तरी ते रिकामं करायला दोघांनाही साधारण सारखाच वेळ लागतो. अटलांटातल्या जॉर्जिया टेकमधल्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयात चित्रीकरण करून हे मोजलं आणि २०१४ साली प्रसिद्ध केलं. तीन किलोंपेक्षा जास्त वजनाचा सस्तन प्राणी, मग तो कुत्रा असो, गाय असो की गजराज, थोडंफार इकडेतिकडे धरून २१ सेकंदांत मोकळा होतो. मोठ्या प्राण्याची मूत्रनलिका लांब आणि रुंद असते. तिच्यात उभा राहिलेला पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो, त्यामुळे जितकं पाणी अधिक तितका वेगही अधिक. उघड्या माळावर, शिकारी जनावराच्या टापूत, कुणालाही फार वेळ असं उभं राहणं परवडत नाही. त्या २१ सेकंदांत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणही सामील आहे, हे वाचलं तेव्हा मला हात जोडावेसे वाटले.

आपण लघवीबद्दल घरातसुद्धा आवाज खाली आणून बोलतो. रानात मात्र मूत्राशय ही कितीतरी जिवांची पाण्याची शिदोरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात एक बेडूक पाऊस पिऊन जमिनीत खोल उतरतो आणि पुढच्या पावसापर्यंत मूत्राशयातल्या पाण्यावर तग धरतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातलं कासव तेच करतं. पाण्याचा टिपूस नसलेल्या महिन्यांत मूत्राशयाच्या भिंतीतून ते पाणी परत रक्तात ओढून घेतं. त्या कासवाला कुणी उचललं आणि ते घाबरून मोकळं झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात तहानेनं मरू शकतं. म्हणून तिथे जाणाऱ्यांना कासवाला हात न लावण्याची ताकीद असते. उडणाऱ्या पाखरांनी हे ओझं टाकूनच दिलं, त्यांना मूत्राशय नाही. चरकसंहितेत शरीरातली तीन मर्मं सर्वांत थोर मानली आहेत : हृदय, शिर आणि बस्ती. मूत्राशयाला हृदयाच्या आणि मस्तकाच्या पंगतीला बसवणाऱ्या त्या वैद्यांनी शरीर फार जवळून पाहिलं असणार.

माणसाच्या मूत्राशयात काय चालतं ते पाहावं. मूत्रपिंडातून थेंब थेंब पाणी उतरत असतं, रात्रंदिवस. चारशे-पाचशे मिलिलिटर साठेपर्यंत ही स्नायूंची पिशवी सैलावत जाते आणि तरीही आतला दाब जवळपास वाढत नाही. भरत असताना दाब न वाढणं ही साधी गोष्ट नव्हे. भिंतीच्या आतल्या अस्तराच्या पेशी घड्या उलगडत पसरतात. पाठीच्या खालच्या भागातून निघणारे मज्जातंतू भिंतीच्या स्नायूला 'थांब' म्हणत राहतात. त्रिकास्थीच्या पातळीचे, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून बाहेर पडणारे दुसरे, तिसरे आणि चौथे मज्जातंतू मूत्रमार्गाभोवतीचा आवळणारा स्नायू मिटून धरतात. दीड-दोनशे मिलिलिटरच्या आसपास पहिली हलकी जाणीव वर मेंदूकडे जाते. मेंदू म्हणतो, आत्ता नको, आणि आपण ती विसरूनही जातो. दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ मूत्राशय फक्त धरून ठेवण्याचं काम करत असतं. मग योग्य जागा मिळते, मेंदूच्या देठातल्या एका इवल्या केंद्रातून हुकूम सुटतो, आधी आवळणारा स्नायू सैल होतो आणि लगेच भिंत आकुंचन पावते. त्या केंद्राचा ठावठिकाणा फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी लंडनमध्ये १९२०च्या दशकात मांजरांवरच्या प्रयोगांतून लावला. आधी सैल होणं आणि मग दाबणं हा क्रम महत्त्वाचा. तान्ह्या बाळात हे सारं आपोआप घडतं. दोन-तीन वर्षांचं होता होता मूल त्यावर स्वतःची इच्छा बसवायला शिकतं, आणि घरातल्या मोठ्यांना त्या दिवसांचं केवढं कौतुक असतं.

मणका मोडतो तेव्हा हा क्रम मोडतो. आपल्याकडे मणका मोडण्याची मोठी कारणं दोन : उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. माडावर चढलेला माणूस, बांधकामाच्या परांचीवरचा मजूर, मोटारसायकलवरचा पोरगा. क्षणात कमरेखालचं अंग परकं होतं. आजूबाजूची माणसं पायांकडे बघतात. पाय हलत नाहीत एवढंच त्यांना दिसतं. न दिसणारं संकट ओटीपोटात असतं. पहिले काही आठवडे मज्जारज्जूचा खालचा तुकडा गप्प पडून असतो. मूत्राशय ढिलं, भरतं आणि भरतच राहतं. मग हळूहळू तो तुकडा जागा होतो, पण वरच्या केंद्राशी त्याची गाठ तुटलेली असते. एरवी मूक असणारे भिंतीतले बारीक तंतू बोलू लागतात आणि खालच्या खालीच एक नवा प्रतिक्षेप तयार होतो. भिंत मनाला येईल तेव्हा आकुंचन पावते आणि नेमका त्याच वेळी आवळणारा स्नायूही घट्ट मिटतो. पाणी पुढे जात नाही, दाब चढतो आणि मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्यांना तर भरलेल्या मूत्राशयानं रक्तदाब अचानक धोकादायक चढतो, डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम फुटतो. अशा वेळी त्यांना बसतं करायचं, कपडे सैल करायचे आणि लघवीची नळी घातलेली असेल तर ती कुठे अडकली आहे का ते तातडीनं बघायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

कण्याच्या इजेची ही ओळख माणसाला फार जुनी आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या, आज एडविन स्मिथ यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय पपायरसमध्ये मानेचा मणका निसटलेल्या माणसाचं वर्णन आहे. हातपायांची शुद्ध नाही, लघवी नकळत ठिबकते आहे. त्या वैद्यानं या दुखण्यावर इलाज नाही असा निर्वाळा दिला आणि पुढची हजारो वर्षं तो खरा ठरला. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेले. अंगावरच्या बेडसोरनी आणि तुंबलेल्या, सडलेल्या लघवीच्या संसर्गानं.

ते चित्र पालटलं ते इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात. नाझी जर्मनीतून १९३९ साली निसटून आलेले ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी विभाग उघडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशय वेळेवर आणि निर्जंतुक रीतीनं रिकामं करायचं. असल्या साध्या, कंटाळवाण्या, रात्रीबेरात्रीच्या कामांवर त्यांनी देवपूजेइतका कडक आग्रह धरला. माणसं जगू लागली. २९ जुलै १९४८ला, लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरल्या १६ जणांनी धनुष्यबाणाची स्पर्धा खेळली. त्या हिरवळीतून पॅरालिंपिक उगवलं, आणि त्याच वाटेवर १९७२ साली हायडेलबर्गमध्ये सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी भारताला पोहण्यातलं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. १९६५च्या युद्धातली एक गोळी त्यांच्या कण्यात रुतलेली होती. मला त्या पदकाइतकंच मोठं वाटतं ते जखमेनंतर सात वर्षं शरीर राखणं. पाण्यात उतरण्याआधी शरीरातल्या पाण्याची रोजची काळजी घ्यावी लागते, आणि तिच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत.

त्याच १९७२ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं की रुग्ण स्वतः, नुसत्या स्वच्छ धुतलेल्या हातांनी, दिवसातून चार-सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामं करू शकतो. नळी पूर्ण निर्जंतुक नसली तरी चालते. वेळ चुकवून मूत्राशय ताणू देणं अधिक घातक. आजही सर्वांत अधिक जीव या उपायानं वाचतात. मूत्राशयाला पुन्हा चालतं करू पाहणाऱ्या विजेबद्दल लिहिताना त्या साध्या नळीचा मान आधी राखला पाहिजे.

आता वीज. कोकणातल्या कुठल्याही पायवाटेच्या कडेला लाजाळू असते. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण आता आपल्या मातीची झालेली. पानाला बोट लागलं की ती मिटते. बोटाच्या स्पर्शानं पानात विजेची एक लहर उठते, ती देठाकडे धावते, देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गादीतल्या पेशी पाणी सोडतात आणि देठ वाकतो. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या नाजूक यंत्रांनी ही वनस्पतीतली वीज नोंदवली होती. वीज हुकूम देते आणि पाणी जागा सोडतं. त्याआधी शंभरेक वर्षं, इटलीतल्या बोलोन्यात लुइजी गॅल्वानी आणि त्यांची पत्नी लुचिया गालेआत्सी बेडकांच्या पायांवर प्रयोग करत होते. मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शानं उडाला. जिवांच्या आत स्वतःची वीज असते, असं गॅल्वानींनी १७९१ साली लिहिलं. ती आपल्यातही आहे. प्रत्येक मज्जापेशीच्या पडद्याच्या आतबाहेर एका व्होल्टच्या चौदाव्या हिश्श्याएवढा फरक सतत राखलेला असतो. तो फरक क्षणभर उलटतो आणि पुन्हा सावरतो, एवढ्यातच स्पर्श, वेदना आणि इच्छा सामावलेल्या आहेत.

कण्याला इजा झालेल्या माणसाबद्दल मला सर्वांत हेलावून टाकणारी गोष्ट हीच वाटते की इजेच्या खालचा भाग बहुधा जिवंत असतो. रक्त त्याला पोचतं, त्याच्या पेशी आपापला विद्युत्भार राखून बसलेल्या असतात. त्रिकास्थीच्या पातळीचा मज्जारज्जूचा टोकाकडचा भाग अगदी लहान, काही सेंटिमीटरांचा. वरून निरोप येत नाही, तरी तो तयार असतो. मज्जारज्जूचं हे टोक किंवा त्यातून निघालेली मुळं इजेत चिरडली गेली असतील तर मात्र वीज देऊन मूत्राशय हलवता येत नाही. तिथे नळीच सोबत राहते. ज्यांचं टोक शाबूत आहे त्यांच्या बाबतीत प्रश्न उरतो तो एवढाच, की बाहेरून दिलेली वीज त्याला आपली वाटेल का?

जाइल्स ब्रिंडली हे इंग्लंडमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांनी आधी एका अंध बाईच्या मेंदूवर विद्युदग्रं बसवून प्रकाशाचे ठिपके दाखवण्याचा प्रयोग केला होता, आणि बॅसून हे फुंकवाद्यही त्यांनी वीजजोडणी करून नव्या रीतीनं घडवलं होतं. त्यांनी आधी बबून माकडांत आणि मग १९७८ साली लंडनमध्ये माणसात त्रिकास्थीच्या मुळांना वीज देणारं उपकरण यशस्वीपणे बसवलं. मुळांभोवती बारीक विद्युदग्रं, तिथून त्वचेखालून आणलेली तार, आणि पोटावर किंवा छातीवर त्वचेच्या आत ठेवलेला एक लहान ग्राहक. त्याच्यात बॅटरी नाही. बाहेरून छोटी पेटी त्वचेवर धरली की रेडिओलहरींमधून शक्ती आत जाते.

पण एक अडचण होती, आणि ती निसर्गानंच घालून ठेवलेली होती. ज्या मुळांतून मूत्राशयाच्या भिंतीला आज्ञा जाते त्यांतूनच आवळणाऱ्या स्नायूलाही जाते, आणि त्या स्नायूचे तंतू जाड असल्यामुळे कमी विजेतही आधी जागे होतात. वीज दिली की दोन्ही एकदम आकसणार. दार मिटलेलं आणि भिंत दाबते आहे, म्हणजे पुन्हा तीच तक्रार! ब्रिंडली यांनी या दोन स्नायूंच्या स्वभावांत वाट शोधली. आवळणारा स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा. तो झटकन आकसतो आणि वीज थांबताच झटकन सैल होतो. मूत्राशयाची भिंत गुळगुळीत स्नायूची, संथ. ती सावकाश उठते आणि उठली की कितीतरी सेकंद ओसरत नाही. मैफलीत विलंबित ख्याल चालू असताना कुणीतरी द्रुत लय धरावी, तशा या दोन गती एकाच मुळातून निघतात. म्हणून वीज सलग द्यायची नाही. काही सेकंद द्यायची, काही सेकंद थांबायचं. वीज चालू असताना दोन्ही आकसतात. वीज थांबते, द्रुत स्नायू लगेच मोकळा होतो, विलंबित भिंत अजून दाबतच असते, आणि त्या विरामात पाणी वाहतं. पुन्हा वीज, पुन्हा विराम. एकेका झोतानं मूत्राशय रिकामं होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत फार थोडं मागे उरतं.

मला या युक्तीचं कौतुक आहे ते तिच्या नम्रतेसाठी. ब्रिंडली यांनी स्नायूंवर जबरदस्ती केली नाही. कोट्यवधी वर्षांत उत्क्रांत झालेल्या दोन वेगवेगळ्या लयी त्यांनी ऐकल्या आणि आपली वीज त्यांच्या मधल्या फटीत बसवली. पाणी शेवटी त्या माणसाच्या स्वतःच्या स्नायूनंच बाहेर टाकलं. हजारांच्या घरातली माणसं हे उपकरण घेऊन जगली आहेत, कितीतरी वर्षांनुवर्षं.

त्याची किंमतही सांगितली पाहिजे. मधल्या काळात मूत्राशय मनाला येईल तसं आकसू नये म्हणून १९८०च्या दशकात जर्मनीतल्या डीटर सावरवाइन यांनी याच शस्त्रक्रियेत मागच्या बाजूची, म्हणजे संवेदना वाहून नेणारी मुळं कापण्याची जोड दिली. मूत्राशय शांत झालं, मूत्रपिंडं वाचली, गळती थांबली. पण त्या मुळांबरोबर पुरुषांना प्रतिक्षेपानं येणारी ताठरता गेली, आणि जी काही अर्धीमुर्धी संवेदना उरली असेल तीही गेली. पूर्ण इजा झालेल्या कितीतरी जणांना मूत्राशय भरल्याची थेट जाणीव नसते, तरी शरीर दुसऱ्या वाटेनं कळवतं : हातांवर काटा येतो, कपाळावर घाम फुटतो, पायांत पेटका येतो. माणसं या खुणा वाचायला शिकतात, जसं कोळी वाऱ्यावरून ताडतो. मुळं कापली की या खुणाही मुक्या होतात आणि घड्याळ पाहून पेटी लावावी लागते. कुणी हे स्वीकारावं आणि कुणी नाकारावं हा ज्याच्या त्याच्या देहाचा निर्णय, आणि तो दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीनं घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पुढच्या संशोधकांनी काही न कापण्याची वाट धरली. सॅन फ्रान्सिस्कोत एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून मज्जातंतूपाशी बारीक तार नेऊन मंद, अखंड वीज देण्याची पद्धत उभी केली. ती स्नायूला आज्ञा देत नाही, प्रतिक्षेपांचा गोंगाट निवळवते. अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांना जुन्या दुखण्यात तिचा उपयोग मर्यादितच. काही धागे शिल्लक असलेल्यांना जास्त. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या डॉक्टरांनी २०१० साली दहा रुग्णांत वेगळंच करून पाहिलं : इजेनंतरच्या गप्प आठवड्यांतच, मूत्राशय बिथरण्याआधी, दोन्ही बाजूंना वीज सुरू केली. त्या छोट्या गटात मूत्राशय पुढे बिथरलं नाही. एवढ्यावरून नियम काढता येत नाही, पण खालचा रज्जू नव्या वाटा शोधत असतानाच त्याच्याशी बोललं पाहिजे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

आणखी एक वाट तर घोट्यापाशी आहे. घोट्याच्या आतल्या हाडापासून तीन बोटं वर, पायाच्या मागच्या कडेनं एक मज्जातंतू जातो. त्याची मुळं मूत्राशयाच्या मुळांच्या शेजारीच निघतात. तिथे बारीक सुई टोचून किंवा नुसती पट्टी चिकटवून, आठवड्यातून अर्धा तास, बारा आठवडे मंद वीज देतात. पायाच्या अंगठ्याची हालचाल दिसली की वीज बरोबर जागी लागली म्हणायची. पायातून चढलेली वीज ओटीपोटातला तंटा मिटवते. उतावळ्या मूत्राशयाच्या साध्या दुखण्यात याचा गुण चांगला सिद्ध झाला आहे. कण्याच्या इजेत तो कितपत येतो याचे अभ्यास अजून लहान आहेत.

पुण्याजवळ खडकीला सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. तिथल्यासारख्या जागांत शिकवली जाते ती मुख्यतः नळी, हात धुणं, पाणी पिण्याचं वेळापत्रक. त्रिकास्थीतल्या उपकरणांची किंमत आपल्याकडच्या माडावरून पडलेल्या माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मला फार सलतं. एसटीत चार तास बसता येणं, लग्नाच्या पंगतीत शेवटपर्यंत थांबता येणं, शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत कोरडं राहता येणं हे छोटं सुख नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात कण्याला इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त बदलेल? हात निकामी झालेल्यांनी हात मागितले, फक्त पाय निकामी झालेल्यांनी लैंगिक सुख, आणि दोन्ही गटांनी मूत्राशय आणि आतड्यांवरचा ताबा फार वरच्या जागी ठेवला. आपण बाहेरची माणसं मात्र चालण्याचंच स्वप्न त्यांच्या गळ्यात घालत असतो.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल विद्यापीठात गेली काही वर्षं कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युदग्रांची पट्टी बसवून माणसांना उभं करण्याचे प्रयोग चालू आहेत. वीज पायांसाठी लावलेली होती. पण उभं राहण्याचा सराव करणाऱ्या माणसांतल्या काहींच्या मूत्राशयाच्या कामातही फरक दिसू लागला. चालण्याचे आणि मूत्राशयाचे मज्जापुंज त्या काही सेंटिमीटरांत एकमेकांना खेटून राहतात. एकाला हाक मारली की दुसऱ्याच्या कानावर जाते. २०१८ साली त्याच गटानं मूत्राशयासाठीच वेगळी मांडणी करून, किती वीज, कुठल्या विद्युदग्रांतून, किती वेगानं द्यायची हे शोधून लघवी अधिक पूर्णपणे मोकळी होते असं दाखवलं. कोणत्या माणसात कोणती मांडणी लागू पडेल हे आधीच ठरवता येत नाही. एकेका रुग्णाबरोबर तासन् तास बसून, मूत्राशय भरत, दाब मोजत, ती शोधावी लागते.